विषय: सासूबाईंच्या मालिका आणि व्हीपीएन

नमस्कार मंडळी,
सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्यात. तिकडच्या ओटीटीची वर्षाची वर्गणी भरलेली आहे, पण इथे अमेरिकेत, एडिसनमध्ये काही लागत नाही. व्हीपीएन, म्हणजे आपण भारतातूनच बघतोय असं दाखवणारी सेवा, घेतला तर नक्की चालतं का? दोन वर्षांच्या प्लॅनवरची सवलत आज संपतेय.

उत्तर:
ताई, आज घेऊ नका.

आईसाठी मी गेल्या महिन्यात तीन व्हीपीएन पंधरा दिवस तपासले. रोज रात्री साडेआठला, म्हणजे आई बघते त्याच वेळी, लॅपटॉप, फोन आणि टीव्हीवर मालिका लावायची आणि वहीत लिहायचं: कोणता सर्व्हर, किती वेळा अडकलं. पहिले चार दिवस सगळं सुरळीत. पाचव्या दिवशी भाग अर्ध्यावर असताना पडदा काळा, वर ‘तुमच्या भागात उपलब्ध नाही’. आई रिमोट हातात धरून तशीच बसून राहिली. फार वाईट वाटलं.

एकाच आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच क्रमांकावरून, खूप लोक बघायला लागले की ओटीटीवाल्यांच्या लक्षात येतं. ते पत्ता बंद करतात, व्हीपीएनवाले नवा आणतात. नेटफ्लिक्सने 2016 मध्ये कडक धोरण जाहीर केलं, तेव्हापासून ही पाठशिवणी चालूच आहे. म्हणून एकदा लागलं यावर विसंबू नका.

भारताची वेगळीच गोम आहे. एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इनने, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती 5 वर्षं ठेवायचा आदेश काढला, आणि एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी सर्व्हर भारतातून हलवले. यादीत ‘भारत’ दिसलं तरी यंत्र सिंगापूरला किंवा लंडनला असू शकतं. तेव्हा वेग मोजा. फुल एचडीला नेटफ्लिक्स 5 एमबीपीएस सांगतं. फोनवर अ‍ॅप जीपीएसही बघू शकतं, तिथे व्हीपीएनचा उपयोग नाही.

आधी झी 5 बघा, ते अमेरिकेत 2021 पासून अधिकृत आहे. तरी व्हीपीएन हवाच असेल तर ओटीटीच्या अटी वाचा, काही ठिकाणी मनाई असते. मग 30 दिवसांत पैसे परत देणाराच घ्या आणि ते दिवस रोज तपासा.

उत्तर:
दादा, सवलत सोडली. सासूबाईंची एक मालिका झी 5 वर मिळाली! दुसरीसाठी महिन्याचाच प्लॅन घेतला. पहिली नोंद: रात्री 8:40, टीव्ही, दोनदा अडकलं. ओटीपी पुण्यात दिरांच्या फोनवर जातो आणि तेव्हा तिथे पहाटेचे सहा. आता लॉगिन सकाळीच करून ठेवते.