लाळेच्या तपासणीवर भागेल का, की तुकडा काढावाच लागेल?

वर्धेकर:
मोठ्या भावाचं वय 41. अठरा वर्षांपासून खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खातो, दिवसाला सहा-सात पुड्या. आता तिखट लागलं की तोंडाची आग होते. तोंडात उभी तीन बोटं सोडाच, दोन जेमतेम जातात. डाव्या गालात आतून पांढरा चट्टा आहे. दातांच्या डॉक्टरांनी बायोप्सी, म्हणजे चट्ट्याचा तुकडा काढून तपासणी सांगितली, पण "कात्री लागली की कॅन्सर पसरतो" हे मित्रांनी त्याच्या डोक्यात भरवलंय. परवा त्यानेच मला व्हिडिओ दाखवला, लाळेतून कॅन्सर कळतो म्हणे. खरं आहे का?

दंतवैद्य_अकोला:
एमडीएसला (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर शिक्षणात) माझ्या प्रबंधाचा विषय लाळच होता. सकाळी नऊ ते अकरात, तासभर काही न खाल्लेला पेशंट मान खाली घालून बसवायचा आणि आपोआप साठलेली लाळ नळीत सोडायला सांगायची. निम्मे लोक खाकरून कफच द्यायचे, टीबीच्या तपासणीची सवय! हिरड्यांतून रक्त आलं की नमुना बाद. उरलेल्या नळ्या बर्फात ठेवून धावपळ.

आता मुद्दा. तोंडाच्या कॅन्सरमध्ये लाळेतलं इंटरल्युकिन-8 हे दाहाशी संबंधित प्रथिन वाढलेलं दिसतं. पण पायरियातही ते वाढतं, आणि खर्रा खाणाऱ्याच्या हिरड्या धड असतात कुठे? 2004 मध्ये कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाच्या संशोधकांनी लाळेतल्या आरएनएवरून (जनुकांचा संदेश वाहणाऱ्या रेणूंवरून) 91 टक्के अचूकता दाखवली होती. मात्र ती 32 कॅन्सर रुग्ण आणि 32 निरोगी माणसं यांच्यात. तुमचा भाऊ या दोन्हींच्या मधे आहे. चट्ट्याखालच्या पेशी किती बिघडल्यात, हे आज तरी तुकडाच सांगतो. तो काही मिलिमीटरचा असतो, जागा बधिर करून काढतात. त्याने कॅन्सर पसरत नाही.

मावा_बंद:
मी नगरचा. माझीही बायोप्सी झालीय. दोन टाके पडले, दोन दिवस गार दूधभात खाल्ला. खरा त्रास रिपोर्ट यायच्या आठ दिवसांचा. तेव्हा "पसरतो" म्हणणारा एकही मित्र फिरकला नाही. भावाला एवढंच सांगा.

वर्धेकर:
ताई, दोघांचंही वाचून दाखवलं. सोमवारी जातो म्हणाला. पण विचारतोय, खर्रा सोडला तर तोंड पुन्हा उघडेल का? तंबाखू काढून नुसती सुपारी चालेल का?

दंतवैद्य_अकोला:
सुपारीच तर मूळ! गालाचा ताठरपणा तिच्यानेच येतो. तंबाखू नसली तरी सुपारी कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनेही मान्य केलंय. आलेला ताठरपणा सहसा पूर्ण जात नाही, पण सोडल्यावर पुढची वाढ थांबायची आशा असते. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून पुढच्या दातांमध्ये धरायचा व्यायाम असतो. तो डॉक्टरांना विचारूनच सुरू करा, टाके भरल्यावर. आज किती काड्या बसतात, तेवढं मात्र लिहून ठेवा.