‘हायड्रेटिंग’ म्हणजे ओलावा देणारं की धरून ठेवणारं?

प्रश्न: क्रीमच्या डबीवर कधी ‘हायड्रेटिंग’ लिहिलेलं असतं, कधी ‘मॉइश्चरायझिंग’. मराठीत दोन्हींसाठी सर्रास ‘ओलावा देणारे’ असं छापतात. दोन्हींचा अर्थ एकच का? आणि ह्युमेक्टंट, इमोलियंट, ऑक्लुझिव्ह यांना मराठीत काय म्हणावं?

प्रतिसाद १: एकच नाही. हायड्रेटिंगचा संबंध थेट पाण्याशी आहे. मॉइश्चरायझिंगमध्ये पाणी, तेल, मेण असं सगळंच येतं. खरा घोटाळा ‘देणारे’ या शब्दाने होतो. यातले बहुतेक घटक ओलावा देत नाहीतच. कुणी पाणी धरून ठेवतं, कुणी फटी बुजवतं, कुणी वरून झाकतं. आधी ही तीन क्रियापदं मनात पक्की करावीत, नामं मागून येतात.

पहिल्या गटात, म्हणजे पाणी धरणाऱ्या ह्युमेक्टंटमध्ये, ग्लिसरीन, सोडियम हायल्युरोनेट, पँथेनॉल, युरिया आणि सोडियम पीसीए. पावसाळी हवेत ‘मिठाला पाणी सुटलं’ असं आपण म्हणतो. सुटलेलं काहीच नसतं, मिठाने हवेतली वाफ ओढून घेतलेली असते. ग्लिसरीनही पाणी असंच ओढतं. ‘आर्द्रताग्राही’ हा पाठ्यपुस्तकी शब्द इथे बरोबर आहे, पण तो ओढण्यापाशीच थांबतो. मला ‘जलधारक’ पसंत आहे, कारण ओढण्यापेक्षा धरून ठेवणं महत्त्वाचं.

प्रतिसाद २: जलधारक चालेल. उरलेल्या दोघांसाठी मात्र नवे शब्द घडवायची गरज नाही. बाष्पीभवन रोखायला जमिनीवर पालापाचोळा पसरतात, त्याला आपण आच्छादन म्हणतो. पेट्रोलियम जेली, मेण, डायमेथिकोन (एक सिलिकोन) त्वचेवर तेच करतात, म्हणून ऑक्लुझिव्हला ‘आच्छादक’. इमोलियंटच्या मुळाशी ‘मऊ’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. स्क्वालेन, तेलं, मेद-अल्कोहोल सुटू पाहणाऱ्या पापुद्र्यांमधल्या फटी भरतात आणि हाताला गुळगुळीत लागतात. त्यांना ‘मार्दवकारी’ म्हणावं, किंवा साधं ‘स्निग्ध घटक’.

आच्छादनाची उपमा वापराची रीतही सांगते. कोरड्या जमिनीवर आच्छादन घातलं तर आत कोरडंच राहतं. पेट्रोलियम जेलीत पाण्याचा थेंबही नसतो, त्यामुळे तिच्यावर ‘हायड्रेटिंग’ लिहिणं चूक. ती असलेलं पाणी उडू देत नाही, एवढंच. आणि नुसता जलधारक कोरड्या हवेत लावला तर बाहेर ओढायला पाणीच नसतं, मग तो त्वचेच्या आतल्या थरांतलं वर ओढतो आणि तेही उडून जातं. सीरम (जलधारकाचं पातळ द्रावण) लावूनही चेहरा तासाभरात तडतडायला लागतो तो यामुळे. चेहरा टिपून घ्यावा, पुसून कोरडाठाक करू नये. ओलसर असतानाच जलधारक लावावा आणि मिनिटभराने वरून क्रीम.

प्रतिसाद ३: शब्दांमुळे उगाच बिचकायला लावणारी तीन नावं आहेत. एक ‘आम्ल’. हायल्युरॉनिक आम्ल म्हटलं की त्वचा सोलणारं काहीतरी असं वाटतं. ते १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यातल्या काचेसारख्या पारदर्शक द्रवातून वेगळं केलं गेलं आणि नाव ग्रीक ‘हायलॉस’, म्हणजे काच, यावरून पडलं. डबीवरच्या घटकांच्या यादीत बहुधा सोडियम हायल्युरोनेट असतं, ते तर या आम्लाचा क्षार. त्याने त्वचा सोलत नाही.

दुसरं ‘अल्कोहोल’. सिटाइल आणि सिटीअराइल अल्कोहोल (वर आलेली मेद-अल्कोहोल) हे मेणासारखे घट्ट पदार्थ, त्वचा मऊ करणारे. कोरडं पाडतं ते ‘अल्कोहोल डिनॅट’ (पिण्यास अयोग्य केलेलं इथेनॉल), आणि तेही यादीत वरच्या क्रमांकावर असेल तर. रसायनशास्त्राच्या हिशेबाने ग्लिसरीनसुद्धा अल्कोहोलच आहे!

तिसरं ‘युरिया’. नाव घेतलं की खत आठवतं. रेणू तोच, पण त्वचेसाठी शुद्ध केलेलाच हवा, खताचा कधीही नाही. ५ ते १० टक्क्यांपर्यंत तो जलधारक असतो, २० टक्क्यांच्या पुढे कडक कातडी सैल करतो. एकाच शब्दाखाली दोन कामं, म्हणून टाचेचं क्रीम तोंडाला लावू नये. भेगाळलेल्या जागी कमी टक्क्यांचंही चुरचुरतं.

प्रतिसाद ४: आकड्यांबद्दल. घटकांची यादी उतरत्या प्रमाणात असते, पण १ टक्क्याच्या खालचे घटक हव्या त्या क्रमाने लिहिता येतात. फिनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक (क्रीम टिकवणारा घटक) बहुधा १ टक्क्यापर्यंतच वापरतात, त्यामुळे त्याच्या पुढे लिहिलेलं सगळं चिमूटभर समजावं. ग्लिसरीन दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर असेल तर चांगलं. ते साधारण ३ ते १० टक्के असतं, त्यापुढे चिकट लागतं.

हायल्युरोनेटचं १ टक्का द्रावणच घट्ट जेल होतं. ‘१० टक्के हायल्युरॉनिक’ असं वाचलं तर ते १ टक्का द्रावण १० टक्के घातलंय का, हे विचारावं. तसं असेल तर प्रत्यक्षात ०.१ टक्काच. ‘वजनाच्या हजारपट पाणी धरतं’ या वाक्याचंही तेच: एक ग्रॅम एका लिटरात टाकलं तर ०.१ टक्क्याचं किंचित दाट पाणी मिळतं. त्याला धरून ठेवणं म्हणत नाहीत.

प्रश्नकर्ता: मग ‘डिहायड्रेटेड’ त्वचेला ‘निर्जल’ म्हणावं की ‘कोरडी’?

प्रतिसाद १: कोरडी म्हणजे जिच्यात मेद कमी. डिहायड्रेटेड म्हणजे पाणी कमी, आणि ती वरून तेलकटही असू शकते: नाक चमकतंय पण गाल ओढल्यासारखे. ‘निर्जल’ अतिशयोक्त आहे, पाणी शून्यावर जात नाही. मी ‘पाणी कमी पडलेली त्वचा’ असंच लिहीन. लांब आहे, पण उपाय त्यातच आहे: आधी जलधारक, मग हलकं आच्छादन.

प्रतिसाद २: ‘त्वचेत जिरतं’ या शब्दाबद्दलही सावध असावं. तेल जिरवणं हा आपला जुना शब्द आहे, पण हायल्युरोनेटचे मोठे रेणू आत जात नाहीत, वरच पातळ पडदा धरतात. तो पडदा सुकायच्या आत वरचं क्रीम चोळलं की मळ निघाल्यासारख्या बारीक वळ्या सुटतात. ते उत्पादन खराब असल्याचं लक्षण नाही. सीरम दोन-तीन थेंबच घ्यावं, पृष्ठभाग चिकट पण ओला नाही असा होईपर्यंत मिनिटभर थांबावं आणि क्रीम न चोळता थापत लावावं. तरीही वळ्या सुटल्या तर दोन्हींपैकी एकात झँथन गम किंवा कार्बोमर (दाटपणा आणणारे घटक) यादीत वर आहे का ते पाहावं.