हळदीतील मायकोरायझा आणि सोबतची पिके
मायकोरायझा, म्हणजे मुळांत राहून पिकाला स्फुरद (फॉस्फरस) मिळवून देणारी आणि बदल्यात साखर घेणारी बुरशी, टाकूनही सांगली भागातील हळदीत फरक का दिसत नाही, असा प्रश्न विचारला जातो; त्यात सोबतच्या पिकांचा मुद्दा राहून जातो. ही बुरशी जिवंत मुळांवाचून वाढत नाही. त्यामुळे हळद काढल्यापासून पुढील लागणीपर्यंत रान मोकळे पडले, तर तिचा जमिनीतील साठा घटत जातो. पाण्याची सोय असल्यास त्या काळात ताग किंवा चवळी घ्यावी, आणि उभ्या हळदीत गादीवाफ्याच्या कडेला घेवडा, मका किंवा आपला नेहमीचा एरंड ठेवावा, कारण या सर्वांच्या मुळांत ती वसते. मोहरी, मुळा, कोबी आणि पालक यांचा तिला सहसा उपयोग होत नाही. अमेरिकेतील जंगलात जिनसेंग ही औषधी वनस्पती शुगर मेपल या झाडाच्या सावलीत वाढते, तिथेही दोघांच्या मुळांत याच गटातील बुरशी असते.

माझ्या मते खरी अडचण डीएपी या स्फुरदयुक्त खताच्या भरमसाट मात्रेची आहे: स्फुरद आयते मिळाले की पीक बुरशीला साखर पुरवणे कमी करते, आणि मग विकत आणलेली मायकोरायझाची पावडर वाया जाते. पालापाचोळ्याखाली दिसणारे पांढरे जाळे बहुधा कुजवणाऱ्या बुरशीचे असते. मायकोरायझाची खात्री मुळे रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीच होते.