घोडीला खोकला आणि धाप. जंत असतील का?

माथेरानचा घोडेवाला:
नमस्कार मंडळी. माझी घोडी 9 वर्षांची, दस्तुरी नाक्यावरून, म्हणजे गाड्या थांबतात तिथून, पाहुण्यांच्या फेऱ्या मारते. दिवाळीपासून सुका खोकला आहे. गवत टाकलं की चार-पाचदा ढास लागते, मग थांबते. परवा नुसती उभी असताना कूस मोजली, मिनिटाला 26 श्वास. सोडताना पोट दोनदा आत ओढते, बरगड्यांच्या कडेने घळ पडते. ताप नाही, चंदी नीट खाते. शेजारी म्हणतो जंत झालेत, गाईचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन टोच. घरात पडलंय. टोचू का? तिला असं धापताना बघवत नाही.

तबेलेवाले काका:
दादा, ते इंजेक्शन आधी बाजूला ठेवा. माझ्या एका तट्टाला कुणाच्या सांगण्यावरून मी तेच टोचलं होतं. तिसऱ्या दिवशी मान टरारून सुजली, चिरून पू काढावा लागला, दोन महिने त्याला मान खाली घालून चरता येईना. त्याला हाताने घास भरवायचो. घोड्यासाठी तोंडातून द्यायची पेस्ट मिळते, ती वजनावर द्यायची. काटा नसेल तर टेप घ्या: छातीचा घेर गुणिले घेर गुणिले खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले 11,880. घेर 150, लांबी 140 असेल तर साधारण 265 किलो.

पण मला हे जंतांचं वाटत नाही. जंतांनी खोकला येतो तो बहुतेक शिंगरांना, अळ्या फुप्फुसातून जातात म्हणून. निवांत घोडा मिनिटाला 8 ते 16 श्वास घेतो. ताप नाही, खाणं चालू, गवत टाकलं की ढास, म्हणजे धुळीचा आणि बुरशीचा दमा. गवताची पेंडी मधोमध फोडून वास घ्या. मग अर्धा तास पाण्यात बुडवा, निथळून ओलंच द्या, तेही जमिनीवर, म्हणजे मान खाली राहून शेंबूड वाहून जातो. झाडू मारताना घोडी बाहेर काढा. श्वास खाली येईपर्यंत चढावाची फेरी बंद. पोटाची आहे हो ती फेरी, ठाऊक आहे, तरी बंद.

जंतांसाठी ताजी लीद सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या. अंडी दिसली तर औषध.

पशुवैद्यक ताई:
काकांशी सहमत. दम्याला स्टेरॉइड लागू शकतं, पण ते स्वतःच्या मनाने देऊ नका, खुराच्या आतला भाग सुजून खूर उतरण्याचा धोका असतो. दुखण्यावरचं ब्युट (फेनिलब्युटाझोन) हे औषधही रोज चालू ठेवलं तर पोटात अल्सर होतात. आणि नाकातून पिवळा चिकट स्राव, अंगावर गाठी किंवा फुटणारे फोड दिसले तर घोडी लगेच वेगळी बांधा, हातमोजे घाला आणि दवाखान्याला कळवा. ही ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची लक्षणं असू शकतात, आणि तो माणसालाही होतो.

माथेरानचा घोडेवाला:
पेंडी फोडली. वरून सोन्यासारखी, आत काळी बुरशी, उडाली तर मलाच खोकला आला. सगळी फेकली. आज बारावा दिवस, सकाळी 17 श्वास मोजले. लिदीत अंडी निघाली, पेस्ट दिली. काका, भिजवलेल्या गवताचं पाणी दुसऱ्या घोड्याला पाजलं तर चालेल?

तबेलेवाले काका:
नको, ओतून टाका. आणि उरलेलं ओलं गवत संध्याकाळपर्यंत ठेवू नका, उन्हाने आंबतं.