जुन्या थिएटरचे हॉर्न स्पीकर : ट्वीटर बदलावा की क्रॉसओव्हर?

कोटितीर्थ_काठ :

नमस्कार. कोल्हापुरातील एका बंद पडलेल्या चित्रपटगृहाचे सामान विक्रीला निघाले, तेव्हा पडद्यामागचे दोन स्पीकर मी घेतले, त्याला आता तीन वर्षे होतील. आत आल्टेक या अमेरिकी कंपनीचा १५ इंची ४१६-८ए वूफर (खर्जाचा स्पीकर), वर ८११बी हा ॲल्युमिनियमचा हॉर्न आणि त्याच्या पाठीला ८०६-८ए ड्रायव्हर (हॉर्नमध्ये आवाज सोडणारा भाग) आहे. खालचे-वरचे स्वर वेगळे करून वूफर आणि हॉर्नकडे पाठवणारा क्रॉसओव्हर पत्र्याच्या डब्यात असून त्यावरील छपाई पुसून गेली आहे. याशिवाय पूर्वीच्या कोणा कारागिराने खोक्याच्या पुढच्या कडेवर एकेक चकचकीत ८ ओहमचा बुलेट ट्वीटर (सर्वांत वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर) बसवला आहे. त्याच्या वायरीत ४.७ मायक्रोफॅरडचा एकच कपॅसिटर आहे आणि त्याचे दुसरे टोक थेट अँप्लिफायरच्या टर्मिनलला जोडलेले आहे.

मंगळवार पेठेतील आमच्या १४ बाय १८ फुटांच्या खोलीत, २० वॅटच्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरवर, गळा आणि तबला असा काही लागतो की दुसरे काही ऐकावेसे वाटत नाही. मात्र तानपुऱ्याची जवारी, हार्मोनियमचे तार सप्तक आणि सतारीची चिकारी कानाला ओरखडा काढतात. विशेष म्हणजे मी खुर्चीवर बसलो की एक आवाज येतो आणि उभा राहिलो की दुसराच. शहरातील एका दुकानात विचारले असता टायटॅनियम पडद्याचे नवे ट्वीटर आणि सर्व कपॅसिटर परदेशी बनावटीचे घालावेत, असा सल्ला मिळाला. खर्चाचा आकडा ऐकून मी चहा न पिताच परत आलो. कोणता ट्वीटर घ्यावा आणि जुने कपॅसिटर काढणे खरोखरच आवश्यक आहे काय, यावर जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

हवेचा_गाभा :

आपण दिलेल्या वर्णनातच उत्तर दडलेले आहे, आणि ते ट्वीटरच्या पडद्याच्या धातूत नाही. ८ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरडचा एकच कपॅसिटर लावला, तर त्याची सीमा साधारण ४,२०० हर्ट्झवर येते, आणि एका कपॅसिटरचा उतार अष्टकामागे (म्हणजे वारंवारता निम्मी होताना) केवळ ६ डेसिबल असल्याने ट्वीटर त्याच्याही बऱ्याच खालपर्यंत बोलत राहतो. इकडे ८०६ ड्रायव्हरला वरून थांबवणारे आपल्या वर्णनात काहीच नाही, तोही थेट वरपर्यंत गातोच आहे. म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वर एकच स्वर दोन तोंडांनी उच्चारला जात आहे.

आता अंतर पाहा. ट्वीटर खोक्याच्या पुढच्या कडेवर आहे आणि ८०६ ची व्हॉइस कॉइल (पडदा हलवणारी कॉइल) हॉर्नच्या मागे, म्हणजे साधारण ३५ सेंटिमीटर आत. हॉर्नचा आवाज ट्वीटरपेक्षा सुमारे १ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. ८ किलोहर्ट्झची तरंगलांबी जेमतेम ४.३ सेंटिमीटर असते, तेव्हा ३५ सेंटिमीटर म्हणजे आठ पूर्ण लाटांचा फरक झाला. असे दोन आवाज एकत्र आले की दर १ किलोहर्ट्झच्या आसपास एक खड्डा आणि एक उंचवटा तयार होतो, कंगव्याच्या दातांसारखा. आपण उभे राहिलात की ट्वीटर आणि हॉर्न यांच्यापासून कानापर्यंतची अंतरे वेगवेगळ्या प्रमाणात बदलतात आणि कंगवा सरकतो. जवारी म्हणजे तर वरच्या उपस्वरांचीच रांगोळी, त्यामुळे ओरखडा प्रथम तिथे उमटतो. गळ्याचा मुख्य भाग ४ किलोहर्ट्झच्या खाली असल्याने तो वाचतो.

बिनखर्ची परीक्षा अशी : दोन्ही ट्वीटरची एकेक वायर सोडवून ठेवा आणि आठवडाभर तसेच ऐका. हे स्पीकर मूळचे दोन मार्गांचेच, म्हणजे वूफर आणि हॉर्न एवढ्यांचेच आहेत. पडद्यामागील या मालिकेची सुरुवात आल्टेकने १९४५ मध्ये केली, तेव्हा चित्रपटांचा ध्वनिपट प्रकाशीय (फिल्मच्या पट्टीवरच छापलेला) होता, आणि १९३८ पासून चालत आलेल्या अकॅडमी कर्व्ह या चित्रपटगृहांच्या ध्वनिमानकामुळे ८ किलोहर्ट्झच्या सुमारास आवाज मुद्दामच बराच खाली उतरवलेला असे. त्या काळी ट्वीटर नव्हता ही उणीव नव्हती. त्याला वाजवायलाच काही नव्हते. आपण ७८ च्या तबकड्या ऐकत असाल, समजा अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीतल्या केसरबाई केरकरांच्या, तर ट्वीटरमधून सुईच्या खसखशीखेरीज फारसे काही बाहेर येत नाही, हेही ताडून पाहा.

दुसरी सोपी गोष्ट म्हणजे हॉर्नला बोटाच्या पेराने टकटक करून पाहा. ८११ हा घंटेसारखा वाजणारा हॉर्न म्हणून प्रसिद्ध आहे. गॅरेजमध्ये मोटारीच्या दाराच्या आत चिकटवतात ती डांबरी पट्टी हॉर्नच्या बाहेरून लावली की हा नाद बराच दबतो. ट्वीटरवर खर्च करण्याआधी हे करावे, असे माझे मत आहे.

वाइंडिंगवाला_उद्यमनगर :

वरील उत्तराशी सहमत आहे. मी शिवाजी उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंग करतो आणि हा छंद गेली अनेक वर्षे बाळगून आहे, त्यामुळे हाताने करण्याच्या गोष्टींपुरतेच लिहितो.

क्रॉसओव्हरचा डबा उघडल्यावर आत तेल भरलेले पत्र्याचे कपॅसिटर निघाले, तर त्यांना कापू किंवा भोके पाडू नका. १९७९ पूर्वीच्या अमेरिकी कपॅसिटरमधील तेलात पीसीबी हे विषारी रसायन असू शकते. तेल पाझरलेले दिसले, तर हातमोजे घालून तो भाग तसाच पिशवीत बंद करावा. निघाले ते इलेक्ट्रोलिटिक असतील, तर मात्र बदलावेच लागतील असे गृहीत धरा. त्यांच्या आतील रसायन सुकते, अंतर्गत रोध वाढतो आणि मूल्य सरकते, आणि सर्वांत वाईट म्हणजे डाव्या आणि उजव्या डब्यात ते वेगवेगळे सरकते. एक पाय सोडवून, कपॅसिटर आणि कॉइल मोजणाऱ्या एलसीआर मीटरने प्रत्येकाचे मूल्य लिहून काढा. कॉइलना हात लावू नका. तांबे म्हातारे होत नाही, आणि लोखंडी गाभ्याच्या कॉइलच्या जागी बारीक तारेची हवेच्या गाभ्याची कॉइल घातली तर तिचा रोध वाढून वूफरचा खर्ज सैल पडतो. नावाजलेल्या महागड्या कपॅसिटरविषयी माझे मत स्पष्ट आहे : साधा मेटलाइज्ड पॉलिप्रॉपिलीन, २५० व्होल्टचा, मूल्य जुळवून निवडलेला पुरे. जो फरक लोक कंपनीच्या नावाला चिकटवतात, तो बहुतेक वेळा जुना सरकलेला भाग निघून गेल्याचा असतो.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. एका ड्रायव्हरचे मागचे झाकण मी दुकानातच उघडले होते. शेजारच्या गाळ्यात लेथ चालू होता. पडदा बाजूला ठेवून मी फोन घ्यायला वळलो आणि परत येऊन पाहतो तो चुंबकाच्या फटीत लोखंडी किसाची बारीक मिशी उभी राहिलेली. फुंकर मारून ती निघत नाही, ओढून आणखी आत जाते. मास्किंग टेपची पट्टी पुठ्ठ्याच्या पातळ कापावर उलटी गुंडाळून ती फटीतून गोल फिरवत दोन संध्याकाळी काढल्या, तेव्हा कुठे फट स्वच्छ झाली. आपल्या गावात हवेतच लोखंड आहे. घरातले जेवणाचे टेबल पुसून, वर्तमानपत्र अंथरून मगच झाकण उघडावे. पडदा बदलणे इतपतच करावे. अल्निको चुंबकाचे भाग मात्र कदापि वेगळे करू नयेत, कारण चुंबकीय मार्ग तुटला की त्याचे बळ कमी होते आणि ते पुन्हा भरण्याची सोय सहसा मिळत नाही.

कोटितीर्थ_काठ :

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ट्वीटर सोडवून नऊ दिवस ऐकले. ओरखडा जवळपास गेला आणि उठण्या-बसण्याने आवाज बदलणेही थांबले, हे प्रथम मान्य करतो. मात्र संतूर आणि झांज यांच्यावरची झळाळी कमी झाली आहे, आणि एकदा ती ऐकल्यामुळे आता तिची उणीव जाणवते.

डबे उघडले. तेलाचे कपॅसिटर नाहीत. कोणी तरी पूर्वीच इलेक्ट्रोलिटिक घातले आहेत. हॉर्नकडे जाणारा कपॅसिटर डाव्या डब्यात १७.१ आणि उजव्यात २२.४ मायक्रोफॅरड निघाला. दोन्ही ड्रायव्हरचा रोध मल्टिमीटरवर ६ ओहमच्या आसपास येतो. हॉर्नवर टकटक केल्यास डावा हॉर्न देवळातल्या घंटेची आठवण करून देतो. मला तिसरा मार्ग ठेवायचा आहे, पण तो नीट कसा ठेवावा?

कृष्णाकाठचा_श्रोता :

मी सांगलीहून लिहीत आहे आणि थोडा वेगळा विचार मांडतो. हा सारा खटाटोप सोडून डीएसपीचा (ध्वनी डिजिटल पद्धतीने हाताळणारा) सक्रिय क्रॉसओव्हर घ्यावा, प्रत्येक मार्गाला स्वतंत्र अँप्लिफायर द्यावा, म्हणजे १ मिलिसेकंदाचा फरक एका आकड्याने भरून निघतो आणि कपॅसिटरचा प्रश्नच उरत नाही. मी तसे केले आहे. एकच काळजी घ्यावी लागते : ड्रायव्हर थेट अँप्लिफायरला जोडला, तर चालू-बंद करतानाचा धक्का पडद्यावर येतो, म्हणून ५० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर मध्ये ठेवावा. ८ ओहमला त्याची सीमा ४०० हर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे ८०० च्या क्रॉसओव्हरपासून एक अष्टक खाली.

हवेचा_गाभा :

डीएसपीचा मार्ग चुकीचा नाही, पण त्यात एक अडचण श्री. कृष्णाकाठ यांनी सांगितलेली नाही. असे हॉर्न ड्रायव्हर एका वॅटला १०५ डेसिबलच्या वर जातात, त्यामुळे सामान्य स्पीकरवर कधीही ऐकू न येणारी स्वस्त डीएसपीची आणि अँप्लिफायरची सरसर १४ फुटांच्या खोलीत स्पष्ट ऐकू येते. शिवाय तीन जोड्या अँप्लिफायर आणि एक आवडता व्हॉल्व्ह अडगळीत. धागाकर्त्यांना आपल्या २० वॅटच्या अँप्लिफायरचा आवाज प्रिय आहे असे दिसते, म्हणून मी साधा मार्गच सुचवतो.

आधी खालचा सांधा दुरुस्त करू. ८ ओहमला ८०० हर्ट्झच्या बटरवर्थ प्रकारच्या १२ डेसिबलच्या क्रॉसओव्हरचे गणित कपॅसिटरला साधारण १७.६ मायक्रोफॅरड आणि कॉइलला २.२५ मिलिहेन्री येते. डावा कपॅसिटर त्याच्या जवळ आहे, उजवा भरकटला आहे. मात्र कॉइलही मोजा, ती २.२५ च्या जवळ निघाली, तरच १७.६ हा आकडा धरा. मूळ डिझायनरने वेगळे गणित मांडले असेल, तर त्याच्या कॉइलचा मान राखावा. दोन्ही बाजूंना सारखे मूल्य येणे, हे नेमक्या आकड्याहून महत्त्वाचे.

ट्वीटरसाठी एका कपॅसिटरऐवजी १२ डेसिबलचा उतार घ्या : मालिकेत १.८ मायक्रोफॅरड आणि ट्वीटरला समांतर ०.२२ मिलिहेन्रीची कॉइल. सीमा ८ किलोहर्ट्झच्या आसपास येते, जिथे ८०६ आपोआपच उतरू लागलेला असतो. त्यामागे, म्हणजे ट्वीटरच्या अगदी जवळ, ४.७ ओहम मालिकेत आणि ५.६ ओहम समांतर असा एल-पॅड (आवाज घटवणारी रेझिस्टरची जोडी) ठेवा. यामुळे ट्वीटर सुमारे ७.७ डेसिबल खाली येतो आणि क्रॉसओव्हरला मात्र ८ ओहमच दिसत राहतात. हे दुसरे फार महत्त्वाचे आहे. आपले दुकानदार १६ ओहमचा ट्वीटर देतील आणि ‘तोच कपॅसिटर चालेल’ म्हणतील. तसे केल्यास एका कपॅसिटरची सीमा निम्म्यावर घसरते आणि ट्वीटर जळण्याची वाट पाहावी लागते. उलट १६ ओहमच्या जागी ८ ओहमचा घातला, तर सीमा दुप्पट वर जाते आणि मधला भाग रिकामा पडतो. तेव्हा नवा ट्वीटर घ्यायचाच झाला, तर ओहम आधी पाहा, धातू नंतर.

ट्वीटर पुढच्या कडेवरून उचलून हॉर्नच्या वर, ड्रायव्हरच्या रेषेपर्यंत मागे सरकवा. मग त्याच्यापुढे खोक्याचा सपाट पृष्ठभाग येतो आणि त्यावरून आवाज उसळतो. तिथे जाड घोंगडीचा तुकडा अंथरला की काम होते. नेमकी जागा कानाने नव्हे तर मायक्रोफोनने शोधावी. आरईडब्ल्यू हे सॉफ्टवेअर मोफत आहे. ट्वीटरच्या वायरी मुद्दाम उलट्या जोडा आणि मागे-पुढे सरकवत ८ किलोहर्ट्झला सर्वांत खोल खड्डा पडेल ती जागा शोधा. तिथेच ट्वीटर ठेवून वायरी सरळ करा. ट्वीटरच्या लाल खुणेवर विसंबू नका. जुन्या जेबीएलमध्ये लाल टर्मिनलला धन विद्युत दिली की पडदा आत जातो, आल्टेकमध्ये बाहेर येतो, आणि बुलेटच्या नकला करणाऱ्यांनी कोणाची रीत उचलली आहे ते मोजल्याशिवाय कळत नाही.

वाइंडिंगवाला_उद्यमनगर :

०.२२ मिलिहेन्रीची कॉइल विकत घेऊ नका, मी करून देतो. ३३ मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा, दोन्ही बाजूंना फॉर्मायकाच्या चकत्या, मध्ये १९ मिलिमीटर रुंदी आणि १९ गेजची इनॅमल तार. हिशोबाने ८० वेढे पुरतात, पण मी ९० घालतो आणि मीटरवर बघत एकेक उलगडतो. रोध ०.२ ओहमच्या आसपास राहतो. ही कॉइल खालच्या मोठ्या कॉइलला काटकोनात आणि तिच्यापासून दूर ठेवावी, नाहीतर एकीचे चुंबकत्व दुसरीत उतरते. रेझिस्टर पांढऱ्या सिमेंटचे, १० वॅटचे घ्या आणि लाकडाला टेकवून लावू नका.

कोटितीर्थ_काठ :

काम पूर्ण होऊन बारा दिवस झाले. खालच्या कॉइल २.३ च्या जवळ निघाल्या, म्हणून दोन्ही बाजूंना जुळवून निवडलेले १७.५ मायक्रोफॅरड घातले. ट्वीटर तेच जुने, नवे घेतलेच नाहीत. उलट्या जोडणीत सर्वांत खोल खड्डा पडला तो ट्वीटर कडेपासून ३३ सेंटिमीटर मागे असताना. एक सेंटिमीटर इकडे-तिकडे केले की खड्डा भरून येत होता, तेव्हा या अंतराला इतके महत्त्व का ते डोळ्यांनी दिसले. संतूरची झळाळी परत आली आहे आणि जवारी आता उभे राहूनही जवारीच वाटते. एल-पॅडमध्ये ५.६ ऐवजी ४.७ ओहम लावून ट्वीटर किंचित आणखी खाली घेतला आहे, तो आमच्या खोलीला मानवतो. डाव्या हॉर्नचा नाद एका थराने पुरेसा दबला नाही. रविवारी दुसरा थर लावण्यासाठी गॅरेजवाल्यांकडून डांबरी पट्टी आणून ठेवली आहे.