आई-बाबांसह डिस्नेलँड पॅरिस : खर्च कसा बसवायचा?

प्रेषक : रेडिंग
८ फेब्रुवारी २०२६

नमस्कार मंडळी,

आई-बाबा जूनमध्ये पुण्याहून तीन महिन्यांसाठी येताहेत. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना आणि मुलांना घेऊन डिस्नेलँड पॅरिसला जावं असं मनात आहे. नऊ वर्षांची लेक, चार वर्षांचा लेक, आम्ही दोघं आणि आई-बाबा, असे सहा जण. नातवंडं या वयाची असताना आजी-आजोबांना हा प्रवास झेपेल, असा योग पुन्हा येईलच असं नाही. म्हणून जायचं नक्की आहे.

पण डिस्नेच्या हॉटेलचं तिकिटांसकट पॅकेज काढून पाहिलं. दोन खोल्या, तीन रात्री. तो आकडा आम्हाला परवडणारा नाही. काटछाट कुठे करावी? आई शाकाहारी आहे. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ते चालतात पण सलग नाही. मुलांचे पासपोर्ट ब्रिटिश, आम्हा चौघांचे भारतीय. जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावं.


प्रेषक : मिल्टन कीन्स
८ फेब्रुवारी २०२६

ताई, नमस्कार.

पैशांच्या आधी व्हिसाचं बोलतो, कारण त्यात वेळ हातची गेली तर बाकीचा हिशेब व्यर्थ. आई-बाबा इकडे पाहुणे म्हणून आल्यावर इथून शेंगेन व्हिसा (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) काढू असं अनेकांना वाटतं. शेंगेनचा अर्ज माणूस जिथे कायदेशीर राहतो तिथून करायचा असतो. यूकेच्या व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांचा अर्ज इथे सहसा घेत नाहीत. तेव्हा त्यांचा व्हिसा भारतातूनच, निघण्यापूर्वी काढा. आधी यूकेचा व्हिसा, पासपोर्ट परत हातात आला की लगेच फ्रान्सचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंतच अर्ज करता येतो. म्हणजे २५ ऑगस्टला निघणार असाल तर २५ फेब्रुवारीपासून दार उघडं. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, पण ४५ दिवसही लागू शकतात. तुम्ही दोघं मात्र इथूनच अर्ज करा.

फी मोठ्यांना माणशी ९० युरो, म्हणजे चौघांचे ३६०, वर केंद्राचा सेवा-आकार. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. आई-बाबांचा भारतातला प्रवासविमा घेताना त्यात शेंगेन देश आहेत ना, हे पॉलिसीच्या कागदावर वाचून घ्या.

आता मूळ प्रश्न. पॅकेज महाग पडतं त्याचं कारण फक्त हॉटेल नव्हे. त्यात खोलीतल्या प्रत्येक माणसाला प्रत्येक दिवसाचं तिकीट जोडलेलं असतं. तीन रात्रींना चार दिवस धरतात, म्हणजे सहा गुणिले चार, चोवीस दिवस-तिकिटं. तुमच्या घराला चोवीस लागतात का? मुलं आणि तुम्ही दोघं मिळून दोन दिवस, म्हणजे आठ. आई-बाबा एकच दिवस, म्हणजे दोन. झाली दहा. उरलेल्या दिवशी आई-बाबांनी विश्रांती घ्यावी किंवा आसपास फिरावं. हे करायचं तर राहणं आणि तिकिटं वेगवेगळी घ्यावी लागतात. माझ्या मते सगळी बचत या एका निर्णयात आहे. बाकी किरकोळ.

तिकिटाचा दर तारखेप्रमाणे बदलतो आणि एकाच महिन्यात बराच फरक दिसतो. तीन वर्षांखालच्यांना तिकीट नाही. तीन ते अकराचं मुलांचं तिकीट थोडंच स्वस्त असतं, त्यावर फार विसंबू नका. तुम्ही निवडलेला आठवडा चांगला आहे. फ्रान्सच्या शाळा १ सप्टेंबरला उघडतात आणि तिकडची घरं तेव्हा दप्तरं-वह्यांच्या खरेदीत असतात. ज्यांना फेब्रुवारीत जायचंय त्यांच्यासाठी सांगून ठेवतो : फ्रान्समध्ये हिवाळी सुट्टी तीन विभागांत पाळीपाळीने असते आणि पॅरिस ‘क’ विभागात येतं. तो पंधरवडा टाळा. शाळा बुडवून स्वस्तात जाण्याचा विचारही नको. इंग्लंडमध्ये दंड आता प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे ८० पौंड आहे, आणि २१ दिवसांत भरला नाही तर १६०.

राहायचं व्हाल द्यूरोपला. पार्कच्या स्टेशनाच्या अलीकडचं स्टेशन, गाडीनं दोन-तीन मिनिटं. तिथे स्वयंपाकघर असलेली अपार्टमेंट हॉटेलं आहेत आणि स्टेशनाजवळच्या मॉलमध्ये ओशाँ नावाचं प्रचंड सुपरमार्केट आहे. दूध, दही, भाज्या, पाव, फळं, सगळं मिळतं. सकाळी पोहे-उपमा खाऊन निघायचं, दुपारी परत येऊन वरण-भात, तासभर पडायचं आणि संध्याकाळी पुन्हा आत. तिकीट दिवसभराचं असतं, त्याच दिवशी बाहेर पडून परत जाता येतं. पॅरिस शहरात स्वस्त खोली मिळाली तरी घेऊ नका. तिथून पार्क जवळपास पाऊण तास, दुपारी परत येणं होत नाही, आणि मग तीन वाजता चार वर्षांचा मुलगा आणि दुखरा गुडघा घेऊन तुम्ही बाक शोधत बसता.

लंडनहून पार्कपर्यंत थेट जाणारी युरोस्टार रेल्वे जून २०२३ मध्ये बंद झाली. बाबांचा गुडघा पाहता जाताना लीलला गाडी बदलावी. लील युरोप स्टेशनातच उतरून दुसरी गाडी धरायची, ती सरळ मार्न-ला-व्हाले शेसीला, म्हणजे पार्कच्या दारात सोडते. येताना पॅरिसमार्गे आलात तर आरईआर (पॅरिस आणि उपनगरं जोडणारी लोकल) ‘ए’ वापरावी लागेल. जानेवारी २०२५ पासून पॅरिस परिसरात मेट्रो-आरईआरला अंतर कितीही असलं तरी एकच दर आहे. तेव्हा तो अडीच युरो होता, दर जानेवारीत थोडा वाढतो. पूर्वी पार्कपर्यंत याच्या दुप्पट पडायचे. तिकिटं भरायला प्रत्येकाला वेगळं नाव्हिगो ईझी कार्ड लागतं, एक कार्ड सहा जणांत फिरवता येत नाही. आणि पॅरिसकडून पार्ककडे कधी निघालात तर फलाटावरची पाटी बघूनच चढा. ‘ए’ची पूर्वेकडची लाईन व्हँसेनच्या पुढे फुटते, एक फाटा ब्वासी-सँ-लेजेला जातो.

सामानात तूप, लोणी, पनीर, पेढे, श्रीखंड नको. ब्रिटनमधून युरोपियन युनियनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, घरच्या वापरासाठीसुद्धा. लहान बाळाच्या दुधाला तेवढी सूट आहे. कढीपत्त्याची ताजी डहाळीही राहू द्या. भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, तेलातला चिवडा खुशाल न्या. केळी आणि खजूर चालतात.


प्रेषक : क्रॉयडन
९ फेब्रुवारी २०२६

मिल्टन कीन्सच्या दादांचा हिशेब पटतो, पण डिस्नेच्या हॉटेलाची बाजूही कुणीतरी मांडायला हवी. तिथे राहणाऱ्यांना सकाळी इतरांच्या आधी पार्कात सोडतात. लहान मुलांचं सगळं सुख त्या वेळात आहे. पीटर पॅनची राइड घ्या : तिला उंचीची अट नाही, म्हणून झाडून सगळी कुटुंबं तिथेच जातात आणि दिवसभर रांग हटत नाही. सकाळी लवकर गेलात तर चट्‌कन बसून बाहेर. पैसे भरून रांग टाळायची सोय आहे, पण ती राइडमागे आणि माणसामागे पैसे घेते. सहा जणांचं ते बिल दिवसाअखेर फार होतं.

मला सुचतं ते असं : डिस्नेच्या हॉटेलात एकच रात्र. एका रात्रीच्या पॅकेजमध्ये दोन दिवसांची तिकिटं येतात. तेवढी रात्र तुम्ही चौघं तिथे राहा.

उंचीचंही आताच बघून ठेवा. बिग थंडर माउंटनला १०२ सेंटिमीटर लागतात, क्रशच्या कोस्टरला १०७, हायपरस्पेस माउंटनला १२०. घरी भिंतीवर खूण करून मुलांना आधीच सांगा, म्हणजे दारातून परत फिरावं लागत नाही. धाकट्याला जिथे घेणार नाहीत तिथे ‘बेबी स्विच’ मागायचं. एक पालक मुलाजवळ थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग पहिल्याला पुन्हा सगळी रांग लावावी लागत नाही.

तिथे दोन पार्कं आहेत. मोठ्याशेजारच्या दुसऱ्या पार्काचं नाव २९ मार्चपासून डिस्ने ॲडव्हेंचर वर्ल्ड होणार आहे आणि त्याच दिवशी तिथे ‘फ्रोझन’चा नवा विभाग उघडतोय. नऊ वर्षांच्या मुलीला तो हवाच असणार, आणि पहिल्या उन्हाळ्यात गर्दीही तिथेच असणार. एक दिवस त्या पार्कासाठी धरा.


प्रेषक : हॅरो
९ फेब्रुवारी २०२६

अगं, तुझं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. मी स्वतः आजी म्हणून या पार्कात गेले आहे, त्यामुळे तुझ्या आई-बाबांच्या बाजूनं थोडं सांगते.

आम्हा म्हाताऱ्यांना पाळण्यात बसायची हौस नसते. नातवंडं बसताना बघायची असते. त्यासाठी एक दिवस भरपूर होतो, पण तो दिवस त्यांच्या बेतानं आखायला हवा. पहिल्या दिवशी त्यांना आत नेऊ नकोस. प्रवासाचा शीण उतरू दे. तुम्ही चौघं जाऊन सगळं बघून या, मुलांची धावाधाव होऊन जाऊ दे. दुसऱ्या दिवशी मुलंच आजी-आजोबांना वाट दाखवतील. माझ्या नातीनं मला हाताला धरून ‘आजी, इथे’ करत जे फिरवलं, ते सुख निराळंच.

किल्ल्याच्या पोटात एक ड्रॅगन आहे. साखळदंडानं बांधलेला, झोपेत धूर सोडतो, मधेच जागा होऊन गुरगुरतो. रांग बहुतेक नसते. बाबांना आवडेल. ‘स्मॉल वर्ल्ड’ची नाव, परीकथांच्या देशातली नाव आणि पार्काभोवती फिरणारी वाफेच्या इंजिनाची गाडी, या तिन्हींत बसून सगळं दिसतं. मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानांच्या मागून छताखालचे लांब बोळ आहेत. पाऊस आला की सगळे दुकानांत घुसतात आणि हे बोळ बरेचसे मोकळे राहतात. तिथून थेट किल्ल्याच्या चौकापर्यंत कोरडं जाता येतं. चाकाची खुर्ची भाड्यानं मिळते. बाबा नको म्हणतील, तरी घे. दुपारपर्यंत त्यात पिशव्या ठेवा, नंतर ते आपणहून बसतील.

डिस्नेच्या हॉटेलात तुम्ही चौघं आणि आई-बाबा दुसरीकडे, हे मला पटत नाही. परक्या गावात, भाषा येत नसताना, दोघांनी रात्री एकटं का राहावं? एका छताखाली राहा.

आणखी एक, जरा स्पष्टच सांगते. आई-बाबा स्वतःच्या तिकिटाचे पैसे काढून देतील. रुपयांत गुणाकार करून आत काही खायला नको म्हणतील. आधीच सांगून टाक की खर्च भरून झालाय. आत रोज आइस्क्रीम आणि कॉफीचे पैसे वेगळ्या पाकिटात ठेव आणि ते पाकीट आईच्या हातात दे. तिलाच वाटू दे. नातवंडांना काही घेऊन देण्याचा आनंद तिला मिळायला हवा.


प्रेषक : रेडिंग
१५ फेब्रुवारी २०२६

काकू, दादा आणि क्रॉयडनच्या ताई,

तुमची पत्रं आम्ही दोघांनी एकत्र बसून वाचली, आणि काकूंचं पत्र मी आईला फोनवर वाचून दाखवलं. पाकिटाची गोष्ट ऐकून ती काही क्षण बोललीच नाही. मग म्हणाली, ‘त्या बाईंना माझा नमस्कार सांग.’

ठरलं ते असं. मंगळवार २५ ऑगस्टला निघून लीलमार्गे पोचायचं आणि व्हाल द्यूरोपला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेलं एक अपार्टमेंट तीन रात्री घ्यायचं. किराणा आणि पर्यटन-कर धरूनही ते डिस्नेच्या दोन खोल्यांपेक्षा बरंच खाली येतंय. तो कर मोठ्यांनाच असतो, मुलांना नाही, हे बुकिंग करताना कळलं. बुधवारी आम्ही चौघं दुसऱ्या पार्कात, म्हणजे ‘फ्रोझन’ तेव्हाच. त्या दिवशी आई-बाबा घरी विश्रांती घेतील आणि वाटलं तर मॉलमध्ये चक्कर मारतील. गुरुवारी सहाही जण मोठ्या पार्कात, अकराच्या सुमारास आत, दोन ते पाच घरी, संध्याकाळी पुन्हा. एकूण दहा तिकिटं.

सकाळचा जादा वेळ आम्ही सोडतोय. पीटर पॅनसाठी बुधवारीच सकाळी लवकर मोठ्या पार्कात शिरावं असं लेकीचं म्हणणं होतं, पण दोन्ही पार्कांचं तिकीट घेतलं तर चौघांचा फरक एका रात्रीच्या जेवणाइतका होतो. त्यापेक्षा गुरुवारी नवरा आणि लेक दार उघडतानाच आत जातील, आम्ही मागून येऊ.

शुक्रवारी २८ ला राखीपौर्णिमा आहे. राखी सकाळी तिथेच बांधायची, नारळीभात मात्र घरी आल्यावर. परतताना पॅरिसमार्गे येऊ. युरोस्टारच्या गार द्यू नॉर स्टेशनामागे ला शापेलला तमिळ खाणावळी आहेत, दुपारी तिथे डोसा खाऊन गाडी धरायची. ब्रिटनची पासपोर्ट तपासणी त्या स्टेशनातच होते आणि आई-बाबांना पुन्हा पाहुणे म्हणून प्रवेश घ्यायचाय, म्हणून त्यांची भारताची परतीची तिकिटं हाताशी ठेवू आणि स्टेशनात दोन तास आधी पोचू. यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत, तेव्हा मंडळाच्या तयारीला आम्ही सगळे हजर असू. आईनं उकडीच्या मोदकांसाठी नाव द्यायला सांगितलंय.

आई-बाबांच्या यूकेच्या व्हिसाचा अर्ज मुदत सुरू होताच करू. पासपोर्ट परत आला की फ्रान्सचा अर्ज. आपल्यापैकी कुणी गेल्या काही महिन्यांत पुण्याहून शेंगेनसाठी आई-वडिलांची कागदपत्रं दिली असतील, तर आम्ही इथून द्यायच्या निमंत्रणपत्रात काय लिहिलं होतं ते मला वेगळं पाठवाल का?