पालकांच्या जाणिवेचं सर्वेक्षण : बाल लैंगिक अत्याचार, प्रश्नावली कुठे चुकतेय?

रातांबा
गुहागर तालुक्यात खाडीकाठच्या दोन गावांत बालवाडी ते चौथीच्या मुलांच्या पालकांचं सर्वेक्षण करायचंय, समाजकार्याच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी. पटावरून साधारण ३२० कुटुंबं निघतात. २५ विधानं आहेत, सगळी हो/नाही. पूर्वचाचणीत जवळपास सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण पडले. तेवढी जाणीव खरंच असती तर सर्वेक्षणाची गरजच नव्हती. शिवाय निम्मे बाप बोटीवर नाहीतर मुंबईला, पोरं आजीकडे. मग पालक कोणाला धरायचं? नमुना किती घ्यायचा? आणि बोलता बोलता कोणी घडलेलं सांगितलं तर?

पाणकावळा
गुण पडतायत कारण तुमच्या विधानांचं बरोबर उत्तर बहुतेक ठिकाणी ‘हो’ आहे. वही घेऊन दारात आलेल्या शिकलेल्या माणसाला आपल्याकडे कोणी ‘नाही’ म्हणत नाही. निम्मी विधानं उलटी करा : ‘मुलग्यांना हा धोका नसतो’, ‘असं करणारा बहुधा अनोळखी असतो’, ‘अत्याचार झाला तर अंगावर खूण दिसतेच’. ‘सांगता येत नाही’ हा तिसरा पर्याय ठेवा. गुण शून्यच, पण नोंद वेगळी. चुकीची समजूत आणि माहिती नसणं यांवरचे उपाय वेगळे असतात.

उत्तरसूचीला आधार हवा. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अहवालात १३ राज्यांतली १२,४४७ मुलं होती. त्यातल्या ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं होतं, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. मुलग्यांविषयीचं विधान त्यावर तपासता येतं.

सुरुवातीलाच व्याख्या वाचून दाखवा : नको तिथे हात लावणं, मुलाकडून लावून घेणं, अश्लील चित्रफीत दाखवणं, स्वतःचे अवयव दाखवणं, मुलाचे उघडे फोटो काढणं. नाहीतर ऐकणारा थेट बलात्कार धरतो आणि ‘आमच्या वाडीत असलं काय नाय’ म्हणून विषय संपतो.

माहिती, मत आणि वागणूक यांची एकत्र बेरीज करू नका. ‘मुलांशी याबद्दल बोलावं का?’ याला सगळेच मान डोलावतात. त्याऐवजी ‘गेल्या महिन्यात बोललात का? नेमकं काय सांगितलंत?’ असं विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवा. बहुतेकदा ‘अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नको’ एवढंच येतं. त्याला पूर्ण गुण देऊ नका. ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ हे शब्द नुसते पाठ असले तरी तेच. लाडाने, गुदगुल्या करत केलेला स्पर्श मुलाला वाईट वाटतोच असं नाही. अवयवांची नावं शिकवलीत का, ‘आईला सांगू नको’ म्हणणाऱ्याचं काय करायचं ते सांगितलंय का, हे विचारा.

एक प्रसंग जरूर घाला : ‘शेजारचा काका दुसरीतल्या मुलाला रोज मोबाइल खेळायला देतो. आई हाक मारायला गेली तर दार आतून लावलेलं. मुलगा म्हणतो, काकाने सांगितलंय कोणाला बोलू नको. तुम्ही काय कराल?’ दार आणि गुपित खटकलं का, मुलाला न ओरडता विचारलं का, काकाबरोबर एकटं सोडणं थांबवलं का, बाहेरची मदत सुचली का : चार मुद्दे, एकेक गुण. प्रसंग इथेच थांबवा. पुढे अत्याचार झाल्याचं लिहिलंत की सगळे ‘पोलीस’ म्हणतात आणि प्रश्न वाया जातो.

कातळसडा
नमुना : नमुन्याच्या नेहमीच्या सूत्रात ५० टक्के प्रमाण, ५ टक्के चूक, ९५ टक्के विश्वासपातळी धरली की ३८४ घरं येतात. एकूण ३२० असल्याने दुरुस्ती करून १७५. दहा टक्के गळती (न भेटणारे, नकार देणारे) धरा, १९५ घरं. पटावर क्रमांक घालून चिठ्ठ्या काढा. रस्त्यालगतची घरं धरत गेलात की पाखाडीवरची आणि बंदराकडची सुटतात, मग कुठल्याच सूत्राला अर्थ नाही.

पालक म्हणजे ‘मूल रात्री ज्याच्याजवळ असतं तो मोठा माणूस’. आजी असेल तर आजीच, नातं वेगळ्या रकान्यात. खलाशी बाप जून-जुलैच्या मासेमारीबंदीत सापडतात. चाकरमानी गणपतीला येतात, पण तेव्हा घर भरलेलं, एकांत मिळत नाही. एप्रिल-मेला आंब्याच्या गडबडीत जाऊच नका.

ओटीवर मुलाखत नको. सासू, शेजारीण, पोरं सगळी जमतात. अंगणवाडीत किंवा शाळेच्या रिकाम्या वर्गात एकेकाला बोलवा. आणि १४ घरांच्या वाडीत वय, धंदा, मुलांची संख्या एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. म्हणून वाडीचं नाव लिहू नका, वयाचे गट करा.

भरतीओहोटी
शाळेच्या व्हॉट्सॲप गटात फॉर्म टाकला तर? १९५ घरं फिरण्यापेक्षा बरं.

कातळसडा
नको. घरात एकच फोन, तो पोरांच्या हातात. कोणी भरला ते कळत नाही आणि आजी तर गटातच नसते.

खाजणवाट
कोणी घडलेलं सांगितलं तर काय, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं आधी ठरवा, मग बाहेर पडा. पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याचं कळलं तर कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. त्यामुळे संमतीपत्रात ‘सर्व गुप्त राहील’ असं छापणं खोटं ठरतं. ‘मुलावरील गुन्ह्याची माहिती मिळाल्यास कायद्याने कळवावी लागते’ हे वाक्य तोंडी वाचून दाखवा आणि मगच सही घ्या. ‘तुमच्या मुलाबाबत असं घडलंय का’ हा प्रश्न प्रश्नावलीत नकोच. तुम्ही जाणीव मोजताय. संशोधन तपासणाऱ्या नैतिक समितीची मंजुरीही आधीच घ्या.

तरीही कोणी सांगितलंच तर प्रश्नावली बाजूला ठेवा. उलटतपासणी नाही, मुलाला बोलावून विचारणं नाही, समेटाची भाषा नाही. सांगितलेले शब्द जसेच्या तसे लिहा. मग कळवा : १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ (आपत्कालीन क्रमांक), नाहीतर जवळचं पोलीस ठाणं. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, गणवेशाशिवाय, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा. रुग्णालयाने ‘आधी पोलिसांचं पत्र आणा’ म्हणून उपचार अडवायचे नसतात. घरच्यांना यातलं बहुधा काहीच ठाऊक नसतं. तक्रार म्हणजे पोराला घेऊन ठाण्यात बसायचं, या धास्तीनेच गप्प राहतात. तुमच्या माहितीच्या भागात यावर दोन-तीन विधानं घाला.

रातांबा
आभार. विधानं उलटी करतो, संमतीपत्र नव्याने लिहितो. बापांकडे पुरुष मुलाखतकार पाठवू का?

पाणकावळा
हो, आणि आई-आजींकडे बाई. पण दोघांनाही प्रसंग वाचायचा सराव एकत्र द्या. एकाने ‘दार आतून लावलेलं’ वर जोर दिला आणि दुसऱ्याने नाही, तर गुणांतला फरक पालकांचा नसून वाचणाऱ्यांचा निघेल. मुलाखत झाली की बरोबर उत्तरांची आणि १०९८ ची एक पानी पत्रिका हातात द्या. आधी नाही, नाहीतर पुढच्या घरी ती आधीच पोचलेली असते. त्याच कारणाने एका वाडीच्या मुलाखती शक्यतो एका दिवसात उरका.